गाडीखालचे दोन ठोकळे

माझ्या मोठ्या साळ्यानं मला फसवलं. अकोल्यात, स्वतःच्या अंगणात, भाऊबीजेच्या दिवशी, माझ्या कपाळाला टिळा लावून फसवलं. याबद्दल मला शंका नाही, आणि पुढचं वाचल्यावर तुम्हालाही राहणार नाही.

मला फसवणं सोपं नाही, हे आधी सांगतो. वलगावातून निघून अमरावतीच्या फळबाजारात मी संत्र्याचे कॅरेट डोक्यावर वाहिले, मग हातगाडी घेतली, मग तीनचाकी. प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी मला गंडवायला बसलेलाच होता आणि प्रत्येकाशी मी भांडून वर आलो. साधं वांगं घेताना मी देठ उचलून बघतो. भाजीवाली म्हणते, "नवरी पाह्यतानाई इतकं पाह्यलं नसंन तुमी." खरं आहे, नवरी मी इतकी पाहिली नव्हती. तिथं नशीब चांगलं निघालं. तिचा भाऊही तसाच न पारखता पदरात पडला, तिथं मात्र नाही.

गाडी होती जुनी फोर बाय फोर पिकअप. पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, चारही चाकांना ओढ. आधी मेळघाटात एका ठेकेदाराकडं दगड-रेती वाहून झालेली, मग साळ्यानं घेऊन अकोल्याच्या डाळमिलवर पोत्यांना जुंपलेली. मला तशीच गाडी हवी होती. अचलपूरच्या पुढच्या संत्र्याच्या बागा रस्त्यापासून आत असतात, मधे नाले, काळी माती. तिथं साधी पिकअप रुतून बसते आणि ट्रॅक्टर फळ आदळत आणतो. चारही चाकांनी ओढणारी, मऊ चालणारी गाडी ज्याच्याकडं, त्याच्याकडं पूर्ण बहाराचं, म्हणजे अख्ख्या हंगामाचं काम. हे माझं गणित वर्षभरापासून तयार होतं.

साळ्यानं गाडी विकायला काढली, मी घेतो म्हणालो, आणि भाऊबीजेला आम्ही दोघं अकोल्याला गेलो. अंगणात गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून उभी. मागची चाकं अंगणातल्या फरशीच्या उतारावर चढवलेली, त्यामुळं गाडी सरळ दिसत होती, उलट मागून जरा ताठच. आता मला तो उतार दिसतो. तेव्हा मला माळ दिसली.

"जवाईबुवा, गाडी पाहून घ्या बरं नीट," साळा म्हणाला. "मागून म्हनसान, भावानं बहिनीले काय देल्लं."

हे तो कधी म्हणाला? माझ्या एका हातात अनारशांची बशी असताना, खांद्यावर नवं उपरणं असताना, आणि माझी बायको आरतीचं ताट घेऊन त्याच्यासमोर उभी असताना. सासरची सगळी माणसं भोवती. आमच्याकडं सासरवाडीला सणाच्या दिवशी जावई भाव करत नाही. समोरच्यानं एकदा आकडा सांगायचा, जावयानं मान हलवायची, आणि घरातल्या बायकांनी मोठ्या मनाचं कौतुक करायचं. अशा वेळी मी उपरण्यासकट गाडीखाली पालथा पडलो असतो, तर सासरवाडीला पुढच्या दिवाळीपर्यंत विषय पुरला असता. जवाई आला, गोड खाल्लं आणि अंगणात लोळला!

म्हणून मी बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, चारही चाकांची ओढ लावून बघितली, आणि उभ्या उभ्या विचारलं, "पाटे कसे हायेत, भाऊ?"

"पाटे?" तो हसला. "हात लावून पाहा. लोखंडावानी कडक."

मी हौद्याच्या कडेवर जोर देऊन दाबलं. गाडी तसूभर हलली नाही. मला आनंद झाला! मागच्या चाकांवर गाडीचा सगळा भार पेलतात ते हे पोलादी पाटे, एकावर एक रचून कमानीसारखे वाकवलेले. ओझं पडलं की कमान दबते, ओझं उतरलं की पुन्हा वर येते. जिथं माणसाच्या वजनानं कमान थोडी तरी दबायला हवी, तिथं ती अजिबात दबली नाही, आणि मी त्याला मजबुती समजलो. वांग्याचा देठ उचलणारा माणूस!

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे परत येताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कवटीत पोचत होता. बायकोनं डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरलेलं.

"कावून हो, हे गाडी व्हय का उखळ?" ती म्हणाली. "आमची दमनी याच्याहून मऊ चालाची."

दमणी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली माणसं बसायची हलकी बैलगाडी. तिच्या वडिलांची एक होती. दोन्ही दांड्या पिवळ्या-लाल रंगवलेल्या, त्यांवर पितळेची फुलं ठोकलेली. तिच्यात बसून ही लहानपणी मामाच्या गावाला जायची. वडील गेल्यावर तिनं भावाकडं एकच गोष्ट मागितली होती: दमणी नको, तिचा एखादा तुकडा दे, घरात ठेवीन. भाऊ म्हणाला होता, दमणीला उधई, म्हणजे वाळवी लागली, सगळी भुगा झाली, उरलंसुरलं पाणी तापवायच्या चुलीत गेलं. त्यावर ही रडली होती आणि मग तो विषय निघाला नव्हता. त्या दिवशी गाडीत तिनंच काढला.

अचलपूरच्या पुढं ज्या बागेचं काम मी धरलं, तिची मालकीण साठीच्या पुढची, सगळे तिला मावशी म्हणतात. नवरा गेल्यापासून बाग तिच्या हातात आणि तिच्या जिभेच्या टप्प्यात. मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मावशी, औंदा टॅक्टर बोलावू नका. माह्यावाली गाडी थेट झाडाखाली येईल." तिनं ट्रॅक्टरवाल्याला नाही म्हणून कळवलं. तोही माझ्या ओळखीचा, म्हणजे माझ्यावर जळणारा.

पहिल्या तोडीला गाडी झाडाखाली गेली, हे खरं. कॅरेट भरले. अवकाळी सर येऊन गेली होती, नाल्याचे दोन्ही काठ तेलकट. पुढची चाकं नाल्यात उतरली, मागची उतरली, आणि खालून 'ठाड' असा आवाज आला, बंदुकीसारखा. गाडीची शेपूट एकदम बसली. मागचं उजवं चाक वर मडगार्डला जाऊन घासायला लागलं आणि रबर जळाल्याचा वास आला. वरच्या थरातले कॅरेट मागं घसरले, संत्री नाल्यात. माणसांनी पाण्यात उतरून फळं वेचली.

मावशी काठावर उभी राहून बघत होती.

"थेट झाडाखाली आली बाप्पा गाडी," ती म्हणाली. "आता थेट नाल्यातच राह्यते का?"

"मावशी, काईतरी तुटलं खालून."

"ते मलेई ऐकू आलं. मी म्हातारी हावो, बहिरी नाई." मग आवाज उतरवून म्हणाली, "दुसरी तोड शुक्रवारी हाय. गाडी आली तं बहार तुमचा. नाई आली तं टॅक्टरवाल्याचा. आन मंग पुढच्या सालीई त्याचाच."

आता माझं काय पणाला लागलं होतं, ते एवढंच. एक शुक्रवार.

कॅरेट उतरवून गाडी काठावर काढली आणि मी खाली सरकलो. चिखलात, उताणा, डोळ्यांवर पाणी गळतंय. आणि मला दिसलं! गाडीच्या सांगाड्याच्या आणि मागच्या आसाच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथं पाट्यांना वर-खाली हलायला वाव असतो, तिथं दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे ठोकून बसवले होते. वर टायरचं रबर गुंडाळून, तारेनं बांधून, ग्रीस फासून काळे केलेले. उजवा ठोकळा उभा चिरला होता. म्हणजे पाटे केव्हाच बसलेले. त्यांच्यावर काही नव्हतं. सगळी गाडी दोन लाकडांवर उभी होती, आणि मी अंगणात दाबून बघितलं ते लाकूड होतं.

मी चिखलातूनच साळ्याला फोन लावला.

"भाऊ, गाडीखाली ठोकळे कोनं लावले?"

"कोनते ठोकळे?"

"लाकडाचे. दोन."

"मले काय मालूम, जवाईबुवा? त्या मेळघाटच्या ठेकेदारानं लावले असतीन. मी कधी खाली वाकून पाह्यलं नाई." आणि वर म्हणतो, "तुमी पाह्यलं नाई का घेतानी?"

या शेवटच्या वाक्यावर माझं डोकं असं फिरलं की फोन नाल्यात जायचा वाचला. मी काय बोललो ते लिहीत नाही. मावशीनं ऐकलं आणि तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू दाबायला.

मी ठोकळे काढून हौद्यात टाकले आणि रिकामी गाडी अमरावतीला आणली. शेपूट खाली, तोंड वर, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. समोरून येणारा प्रत्येक जण लाइट मारून शिव्या देत होता. आणि तरी, खरं सांगतो, वलगाव ओलांडेपर्यंत रागाच्या खाली दुसरंच काही उकळायला लागलं होतं. गाडीत दोष काय हे आता मला माहीत होतं. इंजिन चांगलं, चारही चाकं ओढतात, नाल्याच्या काठावर ती चढलीच होती. फक्त मागून उभी करायची होती. एवढंच! एवढं झालं तर या भागात तिच्यासारखी गाडी नाही!

बडनेरा रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये पाटेवाल्याची भट्टी आहे. माणूस माझ्याहून थोडा मोठा, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज हातोड्यासारखा. पाटे बनवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, असं सगळ्यांत आधी तोच सांगतो. मी त्याला चाचा म्हणतो, तो मला सेठ म्हणतो, आणि दोघांच्याही मनात आदर नसतो.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"सेठ, ये गाडी दुआ मांगरी क्या?"

"चाचा, भाव सांगा. चुटकुले नंतर."

त्यानं भाव सांगितला. मी उठून चालायला लागलो. त्यानं चहा सांगितला. मी बसलो. मी माझा आकडा सांगितला, त्यानं हातोडा उचलून दुसऱ्याच कामाला सुरुवात केली. मी चहा संपवून पुन्हा उठलो. असं दोनदा झालं. अमरावतीत याला वेळ घालवणं म्हणत नाहीत. शेवटी आकडा जुळला, पण माझी एक अट राहिली होती.

"शुक्रवारी गाडी भरून नाल्यातून निघंन तवा तुमी मागं कॅरेटवर बसाचं."

"मैं कायकू बैठूं?"

"पाटे तुमचे. भरोसा असंन तं बसा."

 भट्टीवरची दोन माणसं हसायला लागली. आता नाही म्हणणं चाचाला शक्य नव्हतं. "बैठता," तो म्हणाला. "तकिया लेके बैठता."

आणि काम सुरू झालं. मी तिथून हललो नाही. आता कोणाच्या अंगणात नव्हतो, खांद्यावर उपरणं नव्हतं. पालथा पडलो, उताणा पडलो, वाटेल तसा लोळलो.

आधी मी चाकाच्या मधल्या नटापासून मडगार्डच्या कडेपर्यंत वितीनं मापलं. एक वीत सुद्धा भरेना, आणि उजवीकडं डावीपेक्षाही दोन बोटं कमी. मग सांगाडा जॅकनं उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर घेतला, चाकं काढली. पाटे आसाला आवळून धरणारे यू बोल्ट गंजून एक झालेले. रॉकेल पाजलं, पान्याला पाइप लावून लटकलो, हलेनात. गॅसनं कापले. मग पाट्यांचा अख्खा जुडगा 'धप्प' करून जमिनीवर आला आणि शेडमधली धूळ उडाली.

जुडगा उलगडल्यावर माझ्या रागाला नवं खाद्य मिळालं. सगळ्यांत वरचा लांब पाटा, ज्याला दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे बोल्टासाठी वळवलेली भोकं असतात, तो पट्टीसारखा सरळ. तिसरा पाटा मधोमध तुटलेला, आणि तुटलेल्या जागी आतपर्यंत जुना गंज. नाल्यात तुटला असता, तर आतलं लोखंड पांढरं चमकलं असतं. हे कधीचंच तुटलेलं. डोळ्यांतल्या रबरी बुशांची भोकं अंड्यासारखी लांबट झालेली.

"दो पाटे जादा डालता," चाचा म्हणाला. "ऐसी उठेगी के पीछे से आसमान दिखेगा."

"नाई."

"नाई क्या? तेरेकू उठाना है ना?"

"उठवाची हाय, पन लाकूड नाई कराची. लाकूडच होतं खाली आजवर!" मी ओरडलो. "नाल्यात एक चाक खड्ड्यात गेलं तं दुसरं जमिनीवर राह्यलं पाह्यजे. पाटा इतका कडक केला तं चाक हवेत फिरंन, आन संत्री आदळून सडतीन."

"तो फिर वजन कौन उठायेगा? तेरी खाला?"

आमचं यावर असं जुंपलं की शेजारचा पंक्चरवाला काम सोडून आला. तो म्हणत होता जाड पाटे, मी म्हणत होतो मऊ पाटे. तो म्हणत होता मी पाटे बनवतो, मी म्हणत होतो मी संत्री वाहतो. शेवटी मार्ग निघाला आणि तो कोणी काढला यावर आजही आमचं एकमत नाही: वरचे पाटे पातळ आणि चांगल्या कमानीचे, आणि सगळ्यांत खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा. गाडी रिकामी असताना वरचे झुलतील, खालचा नुसता पाहुणा. ओझं पडून वरची कमान दबली की ती त्या जाड पाट्यावर टेकेल आणि तो भार घेईल.

"ये मैं पैलेसे बोलरा था," चाचा म्हणाला.

मग भट्टी पेटली आणि मी भांडण विसरलो. काय दृश्य असतं ते! जुना पाटा निखाऱ्यात घालायचा, पंखा लावायचा, तो आधी काळा, मग कुंकवासारखा, मग पिकल्या संत्र्याच्या रंगाचा. जमिनीवर खडूनं कमान आखलेली. चिमट्यात पाटा धरून दोन माणसं ठोकतात, खडूच्या रेषेवर ठेवून बघतात, पुन्हा ठोकतात. रेषेवर बसला की तेलाच्या हौदात. 'सूंऽऽ' करून धूर शेडभर. त्यानंतर पुन्हा मंद तापवायचा, नाहीतर काचेसारखा मोडतो. मी एका टोकाचा चिमटा मागून घेतला. चाचा म्हणाला, हात भाजेल. भाजला. सोडला नाही.

त्याच दुपारी बायको डबा घेऊन आली. मी तिला सगळं दाखवायला उतावीळ झालो होतो. सरळ पाटा बघ, तुटलेला बघ, आणि हे बघ, तुझ्या भावाची कारागिरी. ठोकळा किती शिताफीनं कापलाय हे दिसावं म्हणून मी रबर सोडवलं आणि रॉकेलच्या फडक्यानं ग्रीस पुसायला लागलो.

काळ्याखालून पिवळा रंग निघाला. मग लाल पट्टा. मग पितळेचं एक फूल, लाकडात खोल बसलेलं.

"हे पाहा, काय भारी लाकूड वापरलं," मी म्हणालो. मला अजूनही कळलं नव्हतं.

तिनं ठोकळा माझ्या हातातून घेतला. फुलावरून अंगठा फिरवला. त्याची एक पाकळी नव्हती.

"हे मी तोडली होती," ती म्हणाली.

"काय?"

"पाकळी. मामाच्या गावाले जाता जाता, चार आन्यानं उकलून उकलून. बाबा रागावले होते." तिनं फूल माझ्याकडं वळवलं. "हे आमच्या दमनीची दांडी व्हय."

 चाचानं हात वर करून भट्टीचा पंखा बंद करायला सांगितला.

मेळघाटच्या ठेकेदारानं लावले असतील! मेळघाटच्या ठेकेदाराला माझ्या सासऱ्याची दमणी कुठं सापडली? मी तिथल्या तिथं फोन काढला. बायकोनं माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा राग तिनं कधी हातानं अडवला नव्हता, ती बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायची.

"आता नाई," ती म्हणाली. "आधी गाडी उभी करा. बूड टेकलेल्या गाडीत बसून मले अकोल्याले जाचं नाई."

तिनं दोन्ही ठोकळे, चिरलेला सुद्धा, डब्याच्या पिशवीत घातले आणि चालत बसस्टॉपला गेली. चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "सेठ, अब तो ये पाटे बैठने नै देता मैं." आणि तोवर नव्यानं आणलेला लांब पाटा त्यानं स्वतः उचलला. आधी असली ओझी तो जोडीदारांना उचलायला सांगत होता.

पाटे रचले. प्रत्येक दोघांच्या मधे ग्रीस. मधला बोल्ट नवा, बुश नवे, यू बोल्ट नवे. गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर घेतली, मगच डोळ्यांचे बोल्ट पूर्ण आवळले, कारण हवेत आवळले तर रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं. हे मी चाचाला सांगितलं. तो म्हणाला, हे मी माझ्या बापाला सांगायचो.

आणि गाडी उभी होती! मी वितीनं मापलं. एक वीत आणि वर चार बोटं. डावीकडं तितकंच, उजवीकडं तितकंच. हौद्याच्या कडेवर मी हात ठेवून दाबलं. ती दबली, आणि वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. मी ते किती वेळ करत राहिलो माहीत नाही. पंक्चरवाला म्हणाला, "पाळणा हालवून राह्यले का भाऊ?" मी म्हणालो, हो.

शुक्रवारी सकाळी आम्ही अचलपूरच्या रस्त्याला लागलो. मी, शेजारी बायको, मागं हौद्यात खरोखरच उशी घेऊन बसलेला चाचा. बाग आली. नाल्याच्या त्या काठावर ट्रॅक्टरवाला आधीच येऊन उभा होता, इंजिन बंद करून, सुपारी कातरत. तमाशा बघायला आला होता.

कॅरेट भरले. गेल्या वेळेपेक्षा एक थर जास्त, मीच सांगितला. मागची कमान दबत दबत खालच्या जाड पाट्यावर टेकली आणि तिथं थांबली. मी खाली वाकून बघितलं, मावशीही माझ्या बाजूला वाकली.

"आता काय दिसते?" तिनं विचारलं.

"आता लोखंड दिसते, मावशी."

चाचा कॅरेटवर चढून बसला. "चलो," तो ओरडला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

चारही चाकांना ओढ लावली, पहिला गिअर. पुढची चाकं नाल्यात. मागचं डावं खड्ड्यात गेलं, गाडी तिरपी झाली, मागून चाचाचं "या अल्ला!" ऐकू आलं, आणि उजवं चाक जमिनीला धरून राहिलं. सोडलं नाही! पाटा वाकला, झुलला, चाकानं माती पकडली आणि गाडी त्या तेलकट काठावरून अशी वर आली की माझ्या तोंडून आरोळी निघाली. वर आल्यावर मी उडी मारून मागं गेलो. एक कॅरेट हललं नव्हतं. चाचा उशी पोटाशी धरून बसलेला, चेहरा भट्टीसारखा लाल.

"बोला था ना," तो म्हणाला. "बोला था के नै?"

मावशीनं वरच्या कॅरेटमधून एक संत्रं घेतलं, दाबून बघितलं, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिलं. "खा बाप्पा," ती म्हणाली. "इतक्या लांब आला." तो गेला. बहार माझा झाला. मी तिथंच पाना काढून यू बोल्ट पुन्हा आवळले, कारण पहिल्या ओझ्यानंतर ते ढिले होतात. बायको केबिनमध्ये बसून होती. मी आत आलो तेव्हा हसत होती आणि डोळे पुसत होती. पिशवी पायाशी होती.

तिथून आम्ही अकोल्याला गेलो नाही असं नाही. त्याच आठवड्यात गेलो, ताठ गाडीतून. साळा घरी नव्हता. पुन्हा गेलो, तेव्हाही नव्हता. फोन केला की मिलवर असतो. नातेवाइकांत मात्र सांगत फिरतो की जवाईबुवा सणाला भाव करू शकले नाहीत, म्हणून आता मागून भाव करून राहिले.

मी भाव करत नाही. गाडी मी माझ्या हातानं उभी केली, माझा हिशेब मी नाल्यात वसूल केला. पण आता अकोला-अमरावती रस्त्यानं जाताना दर वेळी एक गोष्ट होते. त्या रस्त्यावरच्या ढाब्यांसमोर हल्ली रंगवलेल्या दमण्या सजावटीला उभ्या असतात, लोक त्यांत बसून फोटो काढतात. बायको प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवायला सांगते. उतरते, दांडीवरची पितळेची फुलं हातानं चाचपते, दांडी कुठं कापलेली आहे का बघते, आणि परत येऊन बसते.  मी गाडी सुरू करतो.

म्हणून भाऊ, इथं सगळ्यांसमोर विचारतो, कारण फोन तुम्ही उचलत नाही. दमणी उधईनं खाल्ली होती ना? चुलीत गेली होती ना? मग तिची दांडी माझ्या गाडीखाली कशी आली? ते लाकूड इतकं धडधाकट होतं की महिनोन्‌महिने डाळीची पोती पेललं. दोन ठोकळे आमच्या घरी कपाटात ठेवले आहेत. बाकीची दमणी कुठं आहे? कोणाला दिली? ज्या बहिणीनं तुम्हाला ओवाळलं, तिनं फक्त एक तुकडा मागितला होता. मला उत्तर नको. तिला द्या. समोर उभं राहून द्या.